हीटिंग टॉर्चला डीए लावायचा की एलपीजी? आमच्या शेडमधला अनुभव

गॅसच्या दुकानात हीटिंग टॉर्चसाठी, म्हणजे लोखंड तापवायच्या ज्योतीसाठी, चौकशी केली की काउंटरवरचा माणूस आधी ज्योतीचं तापमान सांगतो. ऑक्सिजनबरोबर डीए, म्हणजे बाटल्यातला अ‍ॅसिटिलीन गॅस, ३१०० अंशांच्या वर, एलपीजी २८०० च्या आसपास. म्हणजे डीए भारी. कटिंग किंवा गॅस वेल्डिंग करायचं असेल तर ही माहिती कामाची आहे. हीटिंगला ती पुरत नाही, कारण हीटिंगमध्ये आपल्याला लोखंड वितळवायचंच नसतं. शाफ्टवरून कपलिंग (दोन शाफ्ट जोडणारा तुकडा) काढायचं असेल तर दोनशे-अडीचशे अंश पुरतात, वाकलेलं चॅनल (सी-आकाराचा लोखंडी बार) सरळ करायला सहाशेच्या थोडं वर. या दोन्ही कामांना २८०० अंशांची ज्योत पुरून उरते. तिथे विचारायचं ते वेगळंच: एकूण उष्णता किती लागणार, ती किती जागेत पसरायची आहे, आणि त्यासाठी ऑक्सिजन किती जळणार?

आमची शेड जयसिंगपूरजवळ, उसाच्या पट्ट्यात. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, नांगर, रोटाव्हेटर, गुऱ्हाळाचे चरक आणि कारखान्यांकडून येणारी किरकोळ शाफ्ट-कपलिंगची कामं. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, सुरुवात केली तेव्हा कार्बाइडची टाकी होती. पाण्यात कार्बाइड टाकून गॅस तिथेच तयार करायचा. पुढे डीएचे बाटले आले आणि आप्पांचा हात त्याच ज्योतीवर बसला. मी मेकॅनिकल डिप्लोमा करून शेडमध्ये आले तेव्हापासून गॅसची वही माझ्याकडे आहे. कुठल्या कामाला कुठला बाटला लागला, ऑक्सिजनचे किती संपले, सगळं त्यात लिहिते. आप्पांचं आणि माझं या विषयात अजूनही पूर्ण एकमत नाही. इथे लिहितेय ते मत माझं आहे. जिथे आप्पांचं बरोबर आहे तिथे तसं स्पष्ट लिहिलंय.

आधी उष्णतेचा हिशेब, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. एक घनमीटर अ‍ॅसिटिलीन जळला की साधारण ५५ मेगाज्यूल उष्णता मिळते. त्यातली १९ च्या आसपास आतल्या निळ्या ज्योतीत असते, उरलेली ३६ बाहेरच्या फिकट ज्योतीत. एक घनमीटर प्रोपेन जळला तर ९५ च्या आसपास मिळते, पण आतल्या ज्योतीत त्यातली जेमतेम १० असते. उरलेली ८५ बाहेरच्या ज्योतीत. आपल्याकडचा एलपीजी म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेन यांचं मिश्रण. त्याचंही वागणं असंच.

टॉर्च हातात कसा धरायचा ते या आकड्यांवरून ठरतं. डीएवर हात बसलेला माणूस एलपीजी लावल्यावरही निळं टोक लोखंडाला जवळजवळ टेकवतो, दहा मिनिटं थांबतो आणि म्हणतो, “ह्या गॅसात दम नाही.” दम आहे, पण तो बाहेरच्या ज्योतीत आहे. एलपीजीचं हीटिंग नोझल मागे घ्यायला हवं, निळी टोकं लोखंडापासून चांगली दूर ठेवून, म्हणजे बाहेरची ज्योत पूर्ण उघडते आणि कामावर पसरते. आमच्याकडे नवीन पोरगा आला की मी आधी त्याला हे दाखवते. एकाच प्लेटवर एकदा जवळून, एकदा लांबून. लाली कुठे लवकर चढते ते त्यालाच दिसतं.

डीएची ज्योत लावायला सोपी, हे मान्य करायलाच हवं. ऑक्सिजन न देता पेटवली की काजळीचे धागे उडतात. ऑक्सिजन वाढवत नेला की आतल्या ज्योतीचं पांढरं शेपूट आखडत जातं आणि ते निळ्या टोकात मिसळलं की ज्योत बरोबर झाली. डोळ्यांना स्पष्ट खूण मिळते. एलपीजीत ती खूण मिळत नाही. तिथे कानाने ठरवावं लागतं. ऑक्सिजन जास्त झाला की निळी टोकं आखूड आणि टोकदार होतात, आवाज कर्कश होतो, आणि लोखंडावर पापुद्रे जास्त धरतात. सवय लागायला वेळ जातो, पण लागते.

आता डीएच्या मर्यादा. अ‍ॅसिटिलीन मोकळ्या जागेत दाबाखाली ठेवता येत नाही. चौरस सेंटिमीटरला एक किलोच्या वर दाब गेला की तो ऑक्सिजन नसतानाही आपोआप फुटू शकतो. म्हणून बाटल्यात भुसभुशीत दगडासारखा भराव असतो, त्यात अ‍ॅसिटोन मुरवलेलं असतं आणि अ‍ॅसिटोनमध्ये गॅस विरघळवलेला असतो. सगळे ज्याला डीए म्हणतात तो हाच, विरघळवलेला अ‍ॅसिटिलीन. असा भराव तयार करणाऱ्यांत स्वीडनचे गुस्ताफ डालेन होते. १९१२ साली त्यांना पदार्थविज्ञानाचं नोबेल मिळालं, ते दीपगृहांच्या गॅसदिव्यांवरच्या कामासाठी, आणि त्याच वर्षी अ‍ॅसिटिलीनच्या प्रयोगात झालेल्या स्फोटात त्यांची दृष्टी गेली. हा गॅस इतका जपून का वापरायचा, हे मी पोरांना सांगते तेव्हा डालेन यांचंच उदाहरण देते.

अ‍ॅसिटोनमधून गॅस सावकाश सुटतो. घाईने ओढलं की गॅसबरोबर अ‍ॅसिटोनही वर येतं, ज्योत जांभळट होते, नळी आणि रेग्युलेटरची रबरं खराब होतात, आणि पुढच्या वेळी त्या बाटल्यात कमी गॅस मावतो. जुना नियम असा की तासाला बाटल्यातल्या गॅसचा सातवा हिस्सा ओढायचा, त्याहून जास्त नाही. आता त्याहून जपून सांगतात: थांबून थांबून काम असेल तर दहावा, सलग असेल तर पंधरावा. आमच्याकडे येणारा डीएचा बाटला साधारण सहा घनमीटरचा. सातवा हिस्सा धरला तरी तासाला साडेआठशे लिटर. बारीक नोझलला हे भरपूर आहे. पण अनेक भोकांचं मोठं हीटिंग नोझल तासाला घनमीटरच्या हिशेबात गॅस खातं. म्हणजे एका बाटल्यावर मोठं नोझल चालवताच येत नाही. दोन-तीन बाटले मॅनिफोल्डवर, म्हणजे एका सामायिक नळीवर, जोडावे लागतात. आणि नोझलला गॅस कमी पडला की आग मागे फिरते: आधी फट्‌फट्‌ आवाज, मग टॉर्चच्या आत शिट्टी. शिट्टी ऐकू आली की आधी ऑक्सिजन बंद, मग गॅस, आणि टॉर्च गार होऊ द्यायचा. मोठ्या हीटिंगला मी डीए का टाळते याचं कारण हे आहे, किमतीचा प्रश्न त्यानंतर येतो.

बाटला आडवा ठेवायचा नाही, हेही त्याच अ‍ॅसिटोनमुळे. वाहनात आडवा आलेला बाटला आमच्याकडे उतरवला की उभा करून काही तास तसाच ठेवतो. कितीही घाईचं गिऱ्हाईक असो. आणि डीएच्या मीटरवरून किती गॅस शिल्लक आहे ते कळत नाही, कारण दाब हवेच्या तापमानाबरोबर बदलतो. दुपारी उन्हात मीटर भरलेला दाखवतं, पहाटे तोच बाटला अर्धा वाटतो. आम्ही डीए वजनाने घेतो. शेडमध्ये काटा ठेवलाय आणि बाटल्यावर कोरलेलं रिकामं वजन वजा करून वहीत लिहिते. एका पुरवठादाराकडून सतत कमी भरलेले बाटले येत होते, ते काट्यामुळेच लक्षात आलं. वजनाची वही समोर ठेवल्यावर त्यांच्याकडे सांगायला काही नव्हतं, आम्ही पुरवठादार बदलला.

मग डीए कुठे हवाच? पहिलं उत्तर आप्पांचं, आणि ते शंभर टक्के बरोबर आहे: वाकलेलं सरळ करायला. उसाने गच्च भरलेली ट्रॉली बांधावरून उलटली की खालचं चॅनल फुगल्यासारखं वाकतं. ते सरळ करताना आपण फुगलेल्या बाजूवर त्रिकोणी पट्टा तापवतो, टोक आतल्या कडेला, पाया फुगलेल्या कडेला. तापलेला भाग पसरायला बघतो, पण आजूबाजूचं गार लोखंड त्याला पसरू देत नाही, म्हणून तो जाड होतो, आणि गार होताना आखडून चॅनलला सरळ ओढतो. या कामाची सगळी गंमत आजूबाजूचं लोखंड गार राहण्यात आहे. उष्णता पटकन आणि नेमक्या जागी पडायला हवी. आप्पा म्हणतात, “डीएची ज्योत बोट ठेवल्यागत एका जागी बसते, बाळ. एलपीजीनं अख्खं चॅनल गरम करून बसशील, आणि मग ओढणार कोण?” मी एलपीजीवरही सरळ करून पाहिलंय. होतं, पण वेळ जास्त लागतो, पट्ट्याच्या कडा धूसर होतात आणि ओढ कमी येते.

इथे तापमानाचंही बघायला हवं. साध्या लोखंडाला ६५० अंशांच्या वर नेऊ नये, उष्णताप्रक्रिया केलेल्या पोलादाला त्याहूनही खाली ठेवावं. ६५० म्हणजे सावलीत दिसणारी मंद लाली. भर उन्हात ती दिसतच नाही, आणि माणूस उन्हात लाली दिसेपर्यंत तापवत राहतो तेव्हा तो कधीच पुढे निघून गेलेला असतो. सरळ करायचं काम आम्ही छपराखालीच करतो आणि तापमानाचा खडू वापरतो. ठरलेल्या अंशाला तो खडू वितळतो, अंदाजाचं काम राहत नाही.

गंजून बसलेला नट काढायलाही डीए. बारीक नोझल, नटाच्या सहा बाजूंवर पटापट फिरवायचं, बोल्टला गरम व्हायला वेळच द्यायचा नाही. आणि गॅसने लोखंडाची वेल्डिंग करायची असेल तर डीएला पर्याय नाही. एलपीजीच्या ज्योतीत वितळलेल्या लोखंडाला हवेपासून वाचवणारा भाग तसा मिळत नाही, सांधा ठिसूळ होतो. पितळ भरायचं काम मात्र एलपीजीवर चांगलं होतं.

आता एलपीजी. १९ किलोचा व्यावसायिक बाटला धरू. वजनाला वजन लावलं तर एलपीजी आणि अ‍ॅसिटिलीनची उष्णता जवळपास सारखीच आहे, किलोला ४६ ते ४८ मेगाज्यूल. पण सहा घनमीटर डीए म्हणजे साडेसहा किलोच्या आसपास गॅस. म्हणजे एका १९ किलोच्या बाटल्यात डीएच्या बाटल्यापेक्षा अडीच पटींहून जास्त उष्णता भरलेली असते. शिवाय त्यात भराव नाही, अ‍ॅसिटोन नाही. डीएचा बाटला गाडीत चढवायला दोघं लागतात, १९ किलोचा एकटा माणूस सांभाळून चढवतो. रात्री फडात ट्रॉलीचं हूक वाकलं म्हणून फोन आला की हा फरक फार मोठा वाटतो.

पण एलपीजीवालेही अर्धंच सांगतात. सांगत नाहीत तो ऑक्सिजनचा खर्च.

एक घनमीटर अ‍ॅसिटिलीनला टॉर्चमधून साधारण सव्वा घनमीटरच्या आत ऑक्सिजन द्यावा लागतो, बाकीचा तो बाहेरच्या हवेतून घेतो. प्रोपेनला चार घनमीटरच्या आसपास द्यावा लागतो. आमचा ऑक्सिजनचा बाटला सात घनमीटरचा. हिशेब मांडला तर डीएच्या एका बाटल्याला ऑक्सिजनचा एक बाटला लागतो. १९ किलो एलपीजी पूर्ण जाळायला मात्र पाच ते साडेपाच. उष्णतेच्या भाषेत: डीएबरोबर ऑक्सिजनच्या एका बाटल्यामागे ३०० मेगाज्यूलच्या वर मिळतात, एलपीजीबरोबर १६० च्या आसपास. तेव्हा “एलपीजी स्वस्त” असं कोणी म्हणालं की त्याला ऑक्सिजनची पावती दाखवायला सांगा. आपल्या गावचे तिन्ही भाव कागदावर मांडा: डीए अधिक एक ऑक्सिजन, त्याच्यासमोर एलपीजी अधिक साडेपाच ऑक्सिजन, आणि दुसऱ्या बेरजेला पावणेतीनने भागा, कारण उष्णता तितकी जास्त आहे. मी इथे रुपये लिहीत नाही, कारण व्यावसायिक एलपीजीचा भाव दर महिन्याला हलतो आणि डीएचा भाव पुरवठादारागणिक वेगळा. आमच्या वहीत आजवर ही बेरीज एलपीजीच्या बाजूनेच आलीय, पण दुकानदार सांगतो तितक्या फरकाने नाही. तुमच्याकडे ऑक्सिजन लांबून येत असेल तर उत्तर उलटही येऊ शकेल.

एलपीजीची दुसरी अडचण थंडीत कळते. बाटल्यात तो द्रव असतो आणि वायू होताना स्वतःतलीच उष्णता खातो. मोठं नोझल लावून जोरात ओढलं की बाटला बाहेरून घामतो, मग खालच्या अंगाला बर्फ धरतो, दाब पडतो, ज्योत लोळू लागते. ब्युटेन शून्याच्या आसपासच उकळतो, त्यामुळे मिश्रणात तो जास्त असेल तर शेवटचा गॅस लवकर येतच नाही. डिसेंबरच्या पहाटे हा त्रास आमच्याकडेही होतो. यावर उपाय म्हणजे दोन बाटले एकत्र जोडणं. भरलेला बाटला थोडा वेळ जोरात ओढला तरी चालतं, अर्धा झालेला लगेच गारठतो, म्हणून मोठ्या कामाला आम्ही दोन्ही भरलेलेच लावतो. बाटल्यावर गरम पाणी ओतणं किंवा त्याच्याखाली शेगडी ठेवणं, हे मी काही शेडमध्ये डोळ्यांनी पाहिलंय. कृपा करून करू नका. जास्त ओढ कायमचीच असेल तर ४७.५ किलोचे बाटले घ्या आणि पुरवठादाराला वायू काढायचा बाटला हवा असं स्पष्ट सांगा, कारण त्या आकारात द्रव काढायचे बाटलेही मिळतात. द्रव टॉर्चमध्ये आला तर आगीचा लोळ बाहेर येतो.

एलपीजीचं खरं राज्य कपलिंग आणि गिअर काढण्या-बसवण्यात आहे. २०० मिलिमीटर भोकाचं पोलादी कपलिंग २०० अंशांनी तापवलं तर भोक जवळजवळ अर्धा मिलिमीटर उघडतं. घट्ट बसवलेल्या कपलिंगला इतकी फट पुष्कळ झाली. पण कपलिंग सगळीकडून सारखं तापायला हवं आणि आतला शाफ्ट गारच राहायला हवा. मोठं नोझल, पसरट ज्योत, बाहेरच्या कडेपासून आत येत गोल फिरवायचं. शक्य असेल तर दोन्ही बाजूंनी दोन माणसं. डीएच्या टोकदार ज्योतीने हेच केलं तर एका जागी लाल चट्टा उठतो आणि दुसरी बाजू अजून हाताला सोसते. कपलिंग लंबगोल होतं आणि शाफ्टला अधिकच घट्ट धरतं. बेअरिंगला मात्र कुठलाच टॉर्च लावू नका. १२० अंशांच्या वर गेलं की त्याच्या पोलादाचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरायला लागतो. त्याला गरम तेलाचा डबा किंवा विजेवर चालणारा इंडक्शन हीटर.

आता ज्यासाठी मी हे लिहायला घेतलं ते सांगते. आमच्या हीटिंगच्या कामांपैकी कितीतरी कामांना ऑक्सिजन लागतच नाही. वेल्डिंगच्या आधी ईएन ८ किंवा ईएन १९ या पोलादाचा शाफ्ट दोनशे-तीनशे अंशांना नेणं (यालाच प्रीहीट म्हणतात), बिडाची बॉडी हळूहळू गरम करणं, वेल्डिंगनंतर तिला सावकाश गार होऊ देणं, रंग किंवा जुनं ग्रीस जाळणं. यासाठी एलपीजीचा हवेवर चालणारा बर्नर पुरतो, ज्याला बाजूला भोकं असतात आणि जो स्वतःच हवा ओढतो. त्याची ज्योत दोन हजार अंशांच्या आतच राहते, पण ३०० अंशांच्या कामाला त्याहून जास्त कशाला? बिडाला तर ही मऊ ज्योतच मानवते. बीड घाईने तापवलं की तडकतं. गुऱ्हाळाच्या चरकाची तुटलेली बिडाची बॉडी मी या बर्नरवरच गरम करते, चारही बाजूंनी जुने पत्रे लावून, म्हणजे वारा लागत नाही आणि उष्णता आत राहते. खर्च फक्त एलपीजीचा. ऑक्सिजनचा बाटला कोपऱ्यात तसाच उभा. वहीत पाहिलं तर हा बर्नर घेतल्यापासून ऑक्सिजनच्या पावत्या ठळकपणे उतरल्या आहेत, आणि हा बर्नर म्हणजे आमच्या शेडमधल्या सगळ्यांत स्वस्त वस्तूंपैकी एक. आप्पांनाही तो पटलाय. हल्ली प्रीहीटला तेच आधी हात लावतात.

बर्नर वापरताना एक दिसतं त्याने नवखा माणूस गोंधळतो. गार शाफ्टवर ज्योत पडली की पाण्याचे थेंब उमटतात आणि लोक म्हणतात लोखंडातून ओल बाहेर आली. ते पाणी ज्योतीतलं असतं. एलपीजीत हायड्रोजन जास्त, त्यामुळे तो जळताना भरपूर वाफ होते आणि गार लोखंडावर जमते. थेंब दिसेनासे झाले म्हणजे प्रीहीट झालं असं नाही, लोखंड जरा गरम झालं इतकंच. वेल्डर तिथेच रॉड लावायला धावतो, त्याला खडूने तपासायला लावा.

तेल कंपन्यांचे कटिंगसाठीचे गॅस असतात, एचपी गॅस रेझर, इंडेन नॅनोकट, भारत मेटल कटिंग गॅस. मुळात एलपीजीच, त्यात ज्योत तेज करणारं मिश्रण घातलेलं. मोठ्या कटिंगच्या शेडमध्ये त्यांना जागा आहे. फक्त हीटिंगसाठी मी ते घेत नाही, कारण हीटिंगमध्ये माझी अडचण ज्योतीच्या तेजाची नसते. पिंपरी-भोसरीकडे काही शेडमध्ये पाइपचा नैसर्गिक वायू आहे. बाटले बदलायची कटकट नाही ही त्याची मोठी सोय, पण घनमीटरमागे उष्णता प्रोपेनच्या निम्म्याहून कमी आणि लाइनचा दाब कमी, तेव्हा नोझल त्याच वायूचं हवं. ऑनलाइन मिळणाऱ्या पिवळ्या छोट्या डब्यांवर मॅप लिहिलेलं असतं. मूळ मॅप गॅसचं अमेरिकेतलं उत्पादन २००८ मध्ये बंद झालं, आता त्या डब्यांत बहुतेक प्रोपिलीन असतं. एसीच्या तांब्याच्या नळ्या जोडायला छान, ट्रॉलीच्या कामाला नाही.

गॅस बदलला की सामानही बदलायला हवं. डीएचं आणि एलपीजीचं नोझल वेगळं. कटिंगचं घ्याल तर दुकानात डीएसाठी एएनएम आणि एलपीजीसाठी पीएनएम मागा. एलपीजीचं नोझल दोन तुकड्यांचं, आत खाचा असलेलं असतं, कारण हा गॅस सावकाश जळतो आणि साध्या तोंडावरून ज्योत उडून जाते. डीएची साधी नळी एलपीजीने आतून फुगते आणि मऊ पडते, म्हणून एलपीजीला चालणारीच नळी घ्या. घरगुती शेगडीचा रेग्युलेटर टॉर्चला दाब पुरवू शकत नाही, दाब बदलता येणारा हाय प्रेशर रेग्युलेटर लागतो. डीएच्या वाटेवर तांब्याची नळी किंवा जोड कुठेही नको, अ‍ॅसिटिलीन आणि तांबं मिळून धक्क्याने फुटणारा पदार्थ तयार होतो. फ्लॅशबॅक अरेस्टर, म्हणजे मागे फिरलेली आग अडवणारे जोड, गॅस आणि ऑक्सिजन दोन्ही रेग्युलेटरला हवेत. त्यावर पैसे वाचवणाऱ्या शेडमध्ये मी माझी पोरं कामाला पाठवत नाही.

जागा बघा. अ‍ॅसिटिलीन हवेपेक्षा हलका, वर जातो, पण हवेत अडीच टक्क्यांपासून ऐंशी टक्क्यांपर्यंत कुठल्याही प्रमाणात पेट घेतो. एलपीजी हवेपेक्षा दीड ते दोन पट जड. त्याची पेट घ्यायची पट्टी अरुंद, दोन ते साडेनऊ टक्के, पण तो जमिनीवरून वाहत जातो आणि खड्ड्यात साचून राहतो. आमच्या शेडमध्ये गाडीखाली उतरायचा खड्डा आहे. एलपीजी घ्यायचं ठरलं तेव्हा आम्ही आधी बाटले शेडच्या बाहेर, भिंतीपलीकडे जाळीत नेले, मग टॉर्च विकत घेतला. तुमच्याकडे खड्डा, गटार किंवा तळघर असेल आणि बाटले बाहेर ठेवायला जागा नसेल, तर एलपीजी घेऊ नका. मग थोडा महाग पडला तरी डीएच बरा. १४.२ किलोचा घरगुती बाटला शेडमध्ये लावणं कायद्याने गुन्हा आहे. शिवाय अपघात झाला तर विम्याचा दावाही अडतो. बाटल्यांचा साठा किती आणि कसा ठेवायचा ते गॅस सिलिंडर नियम, २०१६ मध्ये आहे. ते नियम पाहणाऱ्या पेसो या केंद्र सरकारच्या खात्याचं मुख्य कार्यालय आपल्या नागपूरलाच आहे. आणि हवा भरलेला टायर चाकावर असताना डिस्कला किंवा चाकाच्या नटाला कुठलाही टॉर्च लावायचा नाही. टायर आतून तापून फुटतो आणि समोरचा माणूस जातो. ट्रॉलीवाले घाई करतात, तरीही आधी हवा सोडायची, चाक उतरवायचं, मगच ज्योत.

नवीन शेड टाकणाऱ्या कोणी विचारलं तर मी ही खरेदी सांगेन. पहिला हवेवर चालणारा एलपीजी बर्नर आणि १९ किलोचे दोन व्यावसायिक बाटले. दुसरा, तापमानाच्या खडूंचा संच, २००, ३०० आणि ६५० अंशांच्या आसपासचे. त्यानंतर एलपीजीचं अनेक भोकांचं हीटिंग नोझल, ऑक्सिजनसकट, कपलिंग काढायची कामं येऊ लागली की. डीए सगळ्यांत शेवटी, एकच बाटला, बारीक नोझलसाठी, आणि तोही सरळ करण्याचं काम नियमित मिळत असेल तरच. आमच्याकडे आप्पा आहेत, म्हणून डीए नेहमी भरलेला असतो. त्यांच्यासारखं चॅनल सरळ करणारा माणूस तुमच्याकडे असेल तर क्रम बदला, डीए आधी घ्या.